खेळतोस की नुसता निवडतोस?

पत्र : वय ४२. कॉलेजात असताना होस्टेलवर 'एज ऑफ एम्पायर्स' आणि 'काउंटर-स्ट्राइक' रात्र-रात्र चालायचं. मग नोकरी, लग्न, मुलं. मधली बरीच वर्षं गेमचं नावही काढलं नाही. दोन वर्षांपूर्वी चांगला लॅपटॉप घेतला, जुन्या मित्रांचा ग्रुप पुन्हा जागा झाला आणि मी परत खेळायला लागलो. निदान मला तसं वाटत होतं.

ग्रुपवर सतत नवं नाव असतं. आधी सगळे 'एल्डन रिंग'वर होते, मग 'बाल्डर्स गेट ३', मग 'बालाट्रो', 'एक्स्पिडिशन ३३', 'सिल्कसाँग', आणि आता 'आर्क रेडर्स'. सेल लागला की मीही घेतो. आज साठेक गेम जमलेत, पूर्ण एकही झालेला नाही. 'एल्डन रिंग' तीनदा सुरू केला, तिन्ही वेळा सुरुवातीच्या त्या सोनेरी घोडेस्वारानं लोळवलं. 'बाल्डर्स गेट'मध्ये पात्राचं नाक-डोळे ठरवण्यातच एक रात्र गेली. मुलं झोपल्यावर साडेनऊला बसतो. धाकटा मधेच उठतो. पावणेअकराला माझेच डोळे मिटायला लागतात. त्यातला अर्धा वेळ काय खेळायचं हे ठरवण्यात जातो. बायको पुष्कळदा बाजूला येऊन बसते. तिला गेममध्ये रस नाही, पण परवा ती म्हणाली, "तू खेळतोस की नुसता निवडतोस?"

तर लोक हल्ली नेमकं काय खेळतात ते सांगाल का? तेवढा एकच धरतो आणि नेटानं संपवतो. आणि ज्या लॅपटॉपवर दिवसभर ऑफिसचं काम करतो त्यावर मन लागत नाही, तर नवा कन्सोल (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र) घ्यावा का?

— यादीत हरवलेला

नमस्कार,

बायकोनं तुम्हाला विचारलेला प्रश्न तुम्ही मला विचारलेल्या प्रश्नापेक्षा सरस आहे. तरी आधी तुमचाच घेते, कारण त्याचं उत्तर ऐकून तुमचा जीव भांड्यात पडेल.

लोक हल्ली काय खेळतात? बहुतेक जुनंच. स्टीमनं, म्हणजे कॉम्प्युटरवरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानानं, २०२४ सालचा जो आढावा दिला, त्यात त्या वर्षी निघालेल्या गेमच्या वाट्याला खेळणाऱ्यांचा जेमतेम १५ टक्के वेळ आला होता. आठ वर्षांहून जुन्या गेमनी याच्या दुपटीहून जास्त वेळ खाल्ला. आणि वर्षभरात माणसं किती गेम उघडतात? मधला आकडा चार. म्हणजे निम्म्या लोकांनी अख्ख्या वर्षात चार किंवा त्याहून कमी गेमना हात लावला. स्टीमवर एका वेळी सर्वाधिक गर्दी कुठे असते ते कधीही उघडून बघा. 'काउंटर-स्ट्राइक २', 'डोटा २' आणि २०१७चा 'पबजी' हीच मंडळी पुढच्या रांगेत ठाण मांडून बसलेली असतात. स्टीमबाहेरही तेच. 'माइनक्राफ्ट' २०११चा, 'जीटीए ५' २०१३चा, 'फोर्टनाइट' २०१७चा, 'लीग ऑफ लेजंड्स' तर २००९चा. होस्टेलवर तुम्ही जे खेळत होतात त्याचाच नातू आज स्टीमवर पहिल्या नंबरावर असतो आणि तुम्ही मला विचारताय की मी मागे पडलो का!

मग ग्रुपवर रोज नवं नाव का दिसतं? कारण नव्यावर बोलता येतं. 'आजही काउंटर-स्ट्राइकच खेळलो' असं ग्रुपवर कोण लिहिणार? एकट्या २०२४मध्ये स्टीमवर १८,०००हून जास्त नवे गेम आले. त्यातल्या चार-पाचांचा गाजावाजा होतो, आणि तो आपल्यापर्यंत 'सगळे हेच खेळतायत' अशा रूपात पोहोचतो. सगळे खेळत नसतात. तुमच्या ग्रुपवर 'घेतला' लिहिणारे किती आणि 'संपवला' लिहिणारे किती, हे एकदा मागे जाऊन मोजाच. स्टीमवर प्रत्येक गेमच्या अचिव्हमेंट्सच्या, म्हणजे गाठलेल्या टप्प्यांच्या, पानावर कोणता टप्पा किती टक्के खेळाडूंनी गाठला तेही दिसतं. खूप गाजलेल्या एखाद्या लांबलचक गेमच्या शेवटच्या टप्प्याचा आकडा बघा. शरमेनं खाली घातलेली मान तिथल्या तिथे वर येईल.

आता तुमच्या रात्रीकडे वळू. साडेनऊ ते पावणेअकरा म्हणजे सव्वा तास, मधे धाकट्याची एखादी फेरी, आणि दिवसभराचा थकवा. गेम निवडताना लोक ग्राफिक्स बघतात, रिव्ह्यू बघतात, किती तासांचा आहे ते बघतात. तुम्ही सगळ्यात आधी एकच गोष्ट बघा : हा मधेच थांबवता येतो का? धाकटा रडला आणि तुम्ही कंट्रोलर टाकून उठलात, तर परत येईपर्यंत गेम तुमची वाट बघेल का?

'एल्डन रिंग' बघत नाही. त्यात साधं पॉजचं बटणच नाही. तुम्ही मुलाला थोपटत असता आणि तिकडे कोणीतरी येऊन तुम्हाला मारून जातं. त्या सोनेरी घोडेस्वाराबद्दल एक सांगते, कारण तिन्ही वेळा तुम्ही त्याच्याशीच भिडलात. त्याच्याशी लढायचंच नाही. नवशिक्यानं त्याला बघावं, गपचूप वळसा घालून पुढे जावं आणि अंगात बळ आलं की परत यावं, यासाठीच त्याला तिथे उभा केलाय. थोडं पुढे गेलात की तुम्हालाही घोडा मिळतो. पण हे आता कळलं म्हणून चौथ्यांदा सुरू करू नका. तो गेम ज्याची रात्र मोकळी आहे त्याचा.

'आर्क रेडर्स'चं तर विचारूच नका. ऑक्टोबर २०२५मध्ये आला, गेम उत्तम आहे, तुमच्या मित्रांचं काही चुकलेलं नाही. एक फेरी जास्तीत जास्त अर्ध्या तासाची. यंत्रं आणि दुसरे खेळाडू यांच्या तावडीतून सुटून, गोळा केलेला माल घेऊन बाहेर पडायचं. बाहेर पडायच्या आत मेलात की माल गेला. समोरची माणसं खरी, त्यामुळे थांबवण्याचा प्रश्नच नाही. धाकट्यानं हाक मारली की पिशवी रिकामी. घरात लहान मूल असताना हा गेम खेळणं म्हणजे रोज एकदा मुलावर चिडण्याची सोय करून ठेवणं.

'बाल्डर्स गेट ३' थांबवता येतो. लढाई पाळीपाळीनं चालते, एफ-५ दाबलं की जवळपास कुठेही सेव्ह होतं. त्याची अडचण वेगळीच आहे. मुख्य कथा धरून चाललात तरी ८० तास सहज जातात. आठवड्यातून चार रात्री, रात्री एक तास, म्हणजे वीस आठवडे. पाच महिने झाले! शिवाय पंधरा दिवस खंड पडला की कोण कुणाचा शत्रू, ही चिठ्ठी कुणी दिली, हे सगळं डोक्यातून जातं. कधी खेळायचाच झाला तर पात्र बनवण्याच्या भानगडीत न पडता तयार पात्रांतलं एखादं उचला आणि पाच महिने दुसऱ्या कशाकडे बघणार नाही असं ठरवून बसा. आत्ता नको.

'एक्स्पिडिशन ३३'चं गणित जरा बरं आहे, साधारण ३० तास. कल्पना विलक्षण : दरवर्षी एक चित्रकर्ती आकाशाएवढ्या दगडावर एक आकडा रंगवते आणि त्या वयाची सगळी माणसं विरून जातात. फ्रान्समधल्या माँपेलिएच्या एका छोट्या स्टुडिओनं केलेला हा गेम २०२५च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये वर्षातला सर्वोत्कृष्ट ठरला. लढाई पाळीपाळीची, पण शत्रूचा वार नेमक्या क्षणी अडवावा लागतो, आणि पावणेअकराला तो क्षण हमखास निसटतो. स्टोरी ही सोपी पातळी लावून खेळा, त्यात कमीपणा नाही. उन्हाळ्यात मुलं आजोळी गेली की याची पाळी.

'सिल्कसाँग' राहू द्या. २०१९मध्ये जाहीर झालेला गेम सप्टेंबर २०२५मध्ये आला, त्या दिवशी ऑनलाइन दुकानं गर्दीनं कोलमडली, हे सगळं खरं. पण तो हात बसलेल्यांसाठी आहे. एकाच बॉसशी (म्हणजे बलाढ्य शत्रूशी) वीस-वीस वेळा हरण्यात ज्यांना मजा येते ते धन्य होत.

एवढं सगळं बाद केल्यावर तुमच्या यादीतलं एक नाव उरतं. ते तुम्ही आधीच घेऊन ठेवलंय आणि पत्रात त्याबद्दल एक अक्षरही तक्रार नाही : 'बालाट्रो'. फेब्रुवारी २०२४मध्ये आला. एकाच माणसानं बनवलेला गेम, आणि तो माणूस आजही 'लोकलथंक' या टोपणनावाआडच असतो. आज रात्री हा उघडा.

वरकरणी तो पोकर आहे. पोकर येत नसेल तरी चालेल, कोणत्या हाताला (म्हणजे पत्त्यांच्या जुळणीला) किती किंमत हे बाजूलाच लिहिलेलं असतं. हातात आठ पत्ते येतात, त्यातले पाचपर्यंत खेळायचे. पहिल्या पायरीला ३०० गुण हवेत. समजा तुमच्याकडे राजांची जोडी आहे. जोडीचे मुळातले १० चिप्स, दोन राजांचे दहा-दहा, झाले ३०. जोडीचा गुणक २, म्हणजे ६० गुण. एकूण चार हात खेळता येतात, त्यामुळे अशा जोड्यांनी ३०० गाठणं अवघड. आता समजा तुम्ही नको ते पत्ते टाकून दिलेत आणि बदामचे पाच जमवलेत : राजा, राणी, नव्वा, सत्ता, चौका. फ्लशचे, म्हणजे एकाच प्रकारच्या पाच पत्त्यांचे, ३५, पत्त्यांचे स्वतःचे ४०, मिळून ७५. गुणक ४. ७५ चोक ३००. एका हातात पायरी पार! पुढे दुकान लागतं आणि तिथे जोकर मिळतात. अगदी साधा जोकर गुणकात ४ वाढवतो. म्हणजे मघाची ६० गुणांची राजांची जोडी आता ३० गुणिले ६, १८० झाली. असे पाच जोकर ठेवता येतात आणि प्रत्येकाची खोड वेगळी. तासाभरानं तुम्ही लाखांत गुण मोजत असता आणि बायको विचारते, हा आकडा खरा आहे का.

एक डाव पाऊण-एक तासाचा. कधीही बंद करा, पत्ता न पत्ता जिथल्या तिथे राहतो. पत्ते आणि चिप्स दिसतात म्हणून कुणी घरात भुवया उंचावेल, तर सांगून टाका की पैसा लावण्याचा यात कुठेही संबंध नाही. युरोपातल्या 'पेगी' या वयोमर्यादा ठरवणाऱ्या संस्थेनंही आधी त्याला १८चा शिक्का मारला होता, मग फेब्रुवारी २०२५मध्ये तो उतरवून १२वर आणला. खरा धोका दुसराच आहे. हा फोनवरही मिळतो. फोनवर घेऊ नका. मी बजावून सांगतेय.

पत्त्यांचा कंटाळा आला, जरा मारामारी-पळापळीचं काही हवंसं वाटलं, तर 'हेडीझ', २०२०चा. पाताळाच्या राजाचा मुलगा घरातून पळून जायचा प्रयत्न करतो, मरतो, आणि परत बापाच्या घरातच उगवतो. झोपेचा देव हिप्नॉस तिथे हातात यादी घेऊन तरंगत असतो आणि या खेपेला तुम्हाला कुणी मारलं ते वाचून सल्ला देतो, तोही बिनकामाचा. मेल्यावर चिडण्याऐवजी आता घरात कोण काय बोलतंय याची उत्सुकता लागावी, अशी या गेमची सगळी रचना. एक पळापळ अर्ध्या-पाऊण तासाची. सेटिंग्जमध्ये 'गॉड मोड' आहे, तो पहिल्याच दिवशी लावा. सुरुवातीलाच तुम्हाला होणारी इजा २० टक्क्यांनी कमी होते, आणि पुढे प्रत्येक मरणागणिक आणखी २ टक्के, ८० टक्क्यांपर्यंत. थकलेल्या माणसाची याहून अदबीनं सोय केलेली मी तरी पाहिली नाही.

जाता जाता, जे गेम रोजची हजेरी मागतात त्यांच्यापासून चार हात लांब राहा. आजची तीन कामं, या आठवड्याचं बक्षीस, सीझन संपायला इतके दिवस. तुमचा सव्वा तास ऑफिस सुटल्यावरचा आहे, त्यात दुसरं ऑफिस नको.

आता बायकोचा प्रश्न. तिला गेममध्ये रस नाही असं तुम्ही लिहिलंत आणि त्याच वाक्याच्या आधी लिहिलंत की ती पुष्कळदा बाजूला येऊन बसते. अहो, रस नसलेला माणूस दिवसभर राबून झाल्यावर दुसऱ्याला मेनूमध्ये चाचपडताना बघत बसत नाही. तो झोपायला जातो. ती येऊन बसते, तुम्ही यादी वर-खाली करत राहता, ती कंटाळते, आणि मग तो टोमणा येतो. तो टोमणा आहे हे मान्य, पण त्यात आमंत्रणही आहे. निदान मला तरी तसं ऐकू आलं.

म्हणून आठवड्यातल्या दोन रात्री तिच्या. आणि लगेच तिच्या हातात दुसरा कंट्रोलर कोंबू नका. कधी न खेळलेल्या माणसाला डाव्या अंगठ्यानं चालायचं आणि त्याच वेळी उजव्या अंगठ्यानं मान वळवायची हे जमत नाही. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, आपण 'इकडे, अगं इकडे' करत राहतो, आणि दहा मिनिटांत 'तूच खेळ' येतं. एकच कंट्रोलर ठेवा, एक वही ठेवा, आणि डोकी दोन.

यासाठी 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' हा २०१८चा गेम. हाही एका माणसानं बनवलेला, लूकस पोप त्याचं नाव. वर्ष १८०७. बेपत्ता झालेलं एक जहाज किनाऱ्याला लागतं, आत जिवंत कुणी नाही. तुम्ही विम्याचे तपासनीस. जहाजावर साठ माणसं होती, त्यातल्या प्रत्येकाचं नाव आणि प्रत्येकाचं काय झालं हे पुस्तकात भरायचं. तुमच्याकडे एक घड्याळ आहे. सांगाड्याजवळ जाऊन ते उघडलं की आधी पडदा काळा होतो आणि त्या माणसाचे शेवटचे काही क्षण ऐकू येतात : कुणाची तरी हाक, पायऱ्यांवरचे बूट, गोळीचा आवाज. मग तो क्षण गोठलेला दिसतो आणि त्यात तुम्ही हवं तितका वेळ फिरू शकता. गोळी कुणी झाडली हे दिसतं. पण त्याचं नाव? ते त्याच्या बोलीवरून, कपड्यांवरून, तो कुणाच्या शेजारी उभा असतो यावरून काढायचं. गेम तुम्हाला एकेक बरोबर सांगतच नाही. तीन जणांचं सगळं बरोबर जुळलं तरच शिक्कामोर्तब होतं, त्यामुळे उगाच ठोकून देता येत नाही.

यात चपळाई शून्य लागते. घाई नाही, मरण नाही, चुकलं तर खोडून पुन्हा लिहायचं. आणि दोघं असलात की हटकून असं होतं की एकाला चेहरे लक्षात राहतात, दुसऱ्याला आवाज. तुम्ही कंट्रोलर धरा, वही तिच्याकडे द्या. दोन-तीन रात्रींनी कंट्रोलर कुणाकडे आहे याला फारसा अर्थ उरणार नाही, कारण 'थांब, मागे जा, त्या माणसाच्या मागे कोण उभं आहे बघू' हे ती म्हणत असेल. चित्रं दोन रंगांतली आहेत, पण मरणं भीषण आहेत. तिला रक्तबंबाळ बघवत नसेल तर आधी सांगा.

तो संपला की 'ब्लू प्रिन्स', एप्रिल २०२५चा. एक वाडा वारसाहक्कानं मिळणार, पण अट अशी की ४५ खोल्यांच्या त्या घरातली ४६वी खोली शोधून दाखवायची. दार उघडायला गेलं की तीन खोल्यांचे नकाशे समोर येतात, पलीकडे कुठली खोली असावी ते तुम्ही ठरवायचं. दिवसाला ५० पावलं. ती संपली की रात्र होते, आणि सकाळी घर पुन्हा कोरं. उरतं ते मुख्यतः तुमच्या वहीत लिहिलेलं. एक तास, एक दिवस, मस्त बसतं. मात्र कोड्यांत इंग्रजी शब्दांच्या कोट्या भरपूर आहेत, त्यांचा वैताग येत असेल तर हा तुमच्यासाठी नाही. आणि पुढेमागे तिनं आपणहून 'मलाही दे' म्हटलं, तर 'इट टेक्स टू' किंवा 'स्प्लिट फिक्शन'. दोन्ही गेम दोघांशिवाय सुरूच होत नाहीत. पण ते तिनं मागितल्यावर.

राहिले मित्र. मला वाटतं तुमची खरी हुरहूर इथे आहे. साठ गेम तुम्ही खेळण्यासाठी घेतले नाहीत, ग्रुपवर चाललेल्या बोलण्यात आपलंही एक वाक्य असावं म्हणून घेतलेत. म्हणून तर तुम्हाला हल्ली लोक काय खेळतात हे हवंय. तुम्हाला काय आवडेल हे तुम्ही विचारलेलंच नाही. या इच्छेत वावगं काही नाही, पण त्यासाठी त्यांच्या मागे धावायची गरज नाही. त्यांना तुमच्याकडे बोलवा.

'एज ऑफ एम्पायर्स २' हा १९९९चा गेम २०१९मध्ये 'डेफिनिटिव्ह एडिशन' म्हणून नव्यानं आला आणि अजून त्यात भर पडतेच आहे. तेव्हा १३ संस्कृती होत्या, आता ४०च्या वर आहेत. बाकी सगळं ओळखीचं. त्याच मेंढ्या हुडकायच्या, तीच रिकामी उभी राहिलेली माणसं शोधून कामाला लावायची, आणि चॅटमध्ये ११ टाइप केलं की आजही तेच खदाखदा हसणं ऐकू येतं. आपसातला डाव असेल तर एफ-३ दाबून सगळ्यांचाच थांबवता येतो. ग्रुपमधल्या निम्म्या जणांच्या घरीही झोपेतून उठणारं कुणी ना कुणी असेलच, त्यामुळे हे बटण तुमच्याआधी तेच दाबतील. 'शनिवारी रात्री दहा, एज ऑफ एम्पायर्स, सगळे मिळून कॉम्प्युटरविरुद्ध' एवढंच लिहा. लॅपटॉपवर हल्लीचंच काही हवं असं कुणी म्हणालं तर 'पीक', जून २०२५चा. चौघांनी मिळून डोंगर चढायचा, नकाशा रोज बदलतो, आवाज अंतरानुसार ऐकू येतो, त्यामुळे दरीत पडणारा मित्र ओरडत-ओरडत हळूहळू ऐकू येईनासा होतो. होस्टेलवाल्यांना याहून जास्त काय हवं!

त्या साठांचं काय करायचं? 'एक ना धड भाराभर चिंध्या' झालंय खरं, पण विकता येत नाहीत आणि टाकून द्यायचीही गरज नाही. स्टीमवर गेम लपवण्याची सोय आहे. नावावर राइट-क्लिक करा, 'मॅनेज'मध्ये जा, 'हाइड' करा. 'बालाट्रो' ठेवा, दोघांचा एक ठेवा, मित्रांचा एक ठेवा, बाकीचे नजरेआड. साडेनऊला लॅपटॉप उघडल्यावर तीनच नावं दिसली पाहिजेत. 'नेटानं संपवीन' हा पणही सोडा. गेम तिसऱ्या रात्री नको वाटला तर बंद करायचा, कुणाला स्पष्टीकरण द्यायचं नाही. नवा घेतलाच तर पहिल्या रात्रीच खेळून बघा, कारण घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीम पैसे परत देतं. सेलमध्ये घेऊन सहा महिन्यांनी उघडणाऱ्याला हा नियम कधीच उपयोगी पडत नाही.

आणि कन्सोल. आत्ता नको. मन लागत नाही यात लॅपटॉपचा दोष नाही, दोष खुर्चीचा आहे. दिवसभर जिथे बसून मेल लिहिलेत तिथेच रात्री बसलात तर पाठ आणि डोकं दोन्ही ऑफिसातच राहणार. एक लांब एचडीएमआय केबल आणि एक वायरलेस कंट्रोलर घ्या, लॅपटॉप टीव्हीला जोडा आणि सोफ्यावर बसा. मी सांगितलेल्यांपैकी 'एज ऑफ एम्पायर्स'ला माउस लागेल, तो शनिवारी टेबलावरच खेळा. बाकीचे सोफ्यावरून चालतात. बाजूला येऊन बसणाऱ्या माणसाला निदान टेकायला जागा होईल. 'मारिओ कार्ट वर्ल्ड'सारखं काहीतरी, जे लॅपटॉपवर मिळतच नाही, ते मुलांनी किंवा बायकोनं स्वतःहून मागितलं तर पुढच्या वर्षी निन्टेंडोच्या स्विच २ या कन्सोलचा विचार करा. तोपर्यंत केबल पुरे. फक्त घेण्याआधी टीव्ही आणि सोफा यांच्यातलं अंतर मोजून घ्या, दोन मीटरची बहुतेक वेळा अपुरी पडते.